छाप कुठी गेली, मास्टर?

माझा धंदा कॅसेट भरण्याचा. हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की ती विचारतात, कशानं भरता? गाण्यांनी, बाप्पा. आणखी कशानं भरणार, चिवड्यानं? वाशीमच्या बस स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. तिथं आता मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि इअरफोन लटकलेले दिसतात, पण वर बोर्ड अजून तोच आहे, 'येथे कॅसेट भरून मिळेल'. माझी बायको शोभा म्हणते, तो बोर्ड उतरवा, लोक हसतात. मी म्हणतो, हसू दे. हसत हसत आत येतात आणि चार्जर घेऊन जातात.

एका मासिकाच्या संपादकांचा निरोप आला, कामाचे अनुभव लिहा, तेव्हा मी रीतसर जन्मापासून सुरुवात केली होती. शोभानं दोन पानं वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "तुमच्या जन्माचं कोनाले काय पडलं हाय? त्या मिक्सटेपचं लिहा." मग जन्म वगळला. एवढंच सांगतो की आमचं घर माळ्याचं, गावाबाहेर मळा, मळ्यात वांगी, टमाटे, मेथी, आणि त्या घरात ऑर्गन वाजवणारा मी एकटाच निघालो. ऑर्गन म्हणजे ज्याला आता कीबोर्ड म्हणतात ते. भावांनी मला मळ्यातून खुशीनं मोकळं केलं, कारण पिकाला पाणी देताना मी तालावर फावडं मारायचो आणि वाफे फुटायचे. पुढं लग्नांत, ऑर्केस्ट्रात, गायन पार्ट्यांत वाजवलं. वाजवणाऱ्याला आमच्याकडे सगळे मास्टर म्हणतात, माझं खरं नाव आता शोभा आणि रेशन कार्ड यांनाच माहीत आहे.

तर कॅसेट भरणं. गिऱ्हाईक आपल्या आवडीची गाणी सांगायचं आणि मी ती एका कॅसेटवर उतरवून द्यायचो. साठची कॅसेट म्हणजे दोन्ही साइड मिळून एक तास, नव्वदची म्हणजे दीड. गाणी गिऱ्हाइकाची, पण क्रम माझा, आणि सगळी करामत त्या क्रमात. आमची आई गुजरीत, म्हणजे बाजारात, भाजी विकायची. तिचा दंडक होता की टोपल्यातला वरचा टमाटा आणि तळचा टमाटा सारखाच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक उद्या शेजारच्या ओट्यावर जातं. मी त्यात माझी एक भर घातली. साइड एचं शेवटचं गाणं सगळ्यात भारी ठेवायचं. का? तर ते संपलं की टेपचं बटण खट् करून वर येतं, घर एकदम चूप होतं, माणूस साइड पलटवायला उठतो, आणि उठताना तेच गाणं गुणगुणतो. बाकीची गाणी एकमेकांना पुसून टाकतात. हे एक उरतं. मानाची जागा म्हणाल तर ती.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. शिरपूर जैनचा एक गाडीवाला यात्रेकरूंना लांबच्या तीर्थांना न्यायचा. त्यानं बजावलं, "जातानाची साइड भजनाची, येतानाची साइड शिनेमाची. उलटी भराल त लोकं मले मारतीन." मी बरोबर भरली. त्याच्या ड्रायव्हरनं ती उलटी घातली. लोक तीर्थाला नाचत गेले आणि येताना भजनावर गाढ झोपले. पुढच्या वर्षी गाडीवाला स्वतः येऊन म्हणाला, "मास्टर, तशीच उलटी भरून द्या."

आणि तो रिसोडचा नवरदेव. साखरपुडा झाला होता, होणाऱ्या बायकोला कॅसेट पाठवायची होती, आणि प्रत्येक गाण्याआधी स्वतःच्या आवाजात दोन शब्द बोलायचे होते. माइक समोर आला आणि गड्याची वाचाच बसली. घाम पुसून म्हणाला, "मास्टर, तुमीच बोला ना. तिनं माहा आवाज कुठी आयकला हाय?" मी बोललो. मनापासून बोललो, कारण काम ते काम. लग्नानंतर ती बाई काही घ्यायला दुकानात आली, मी नुसतं "या, बसा" म्हटलं, आणि ती अशी काही लाजली की मला मागं वळून रिकाम्या कॅसेटी मोजाव्या लागल्या.

मग कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली, पेन ड्राइव्ह आला. मी कॅसेट भरायचे डेक विकले नाहीत. दर महिन्याला स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसायचो आणि कापड घालून ठेवायचो. शोभा म्हणायची, एवढं तर माझ्या गुडघ्यांकडे कधी पाहिलं नाही.

गेल्या साली एका दुपारी ऋषी नावाचा पोट्टा दुकानात आला. गळ्यात गिटार, डोळ्यांवर केस. मी इअरफोनच्या गुंतलेल्या वायरी सोडवत बसलो होतो.

"मास्टर, मिक्सटेप काढाची हाय. कॅसेटवर."

"कॅसेटवर कायले बे? मोबाइल मेला काय तुहा?"

"मोठ्या शहरायत आता पुन्हा कॅसेटच चालून राह्यली. आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या बँडची एक कॅसेट. इंडी रॉक."

"हिंदी?"

"हिंदी नाही मास्टर, इंडी."

"अंडी?"

त्यानं केस बाजूला करून मला नीट समजावलं. इंडी म्हणजे कुठल्या कंपनीला न विचारता, आपल्या मनानं, आपल्या खर्चानं केलेलं गाणं. मी म्हटलं, मग आम्ही काय कंपनीला विचारून गात होतो? गुजरीतलं भजनी मंडळ इंडी, हळदीच्या रात्री गाणाऱ्या बाया इंडी, गायन पार्ट्या इंडी. जिल्हाच्या जिल्हा इंडी निघाला. ऋषी हसत सुटला आणि म्हणाला की म्हणूनच गाणी कोणती घ्यायची आणि कशी लावायची ते तुम्ही ठरवा. त्याला क्युरेटर म्हणतात.

घरी मी हे शोभाला जरा ताठ मानेनं सांगितलं. तिनं विचारलं, क्युरेटर म्हंजे काय? म्हटलं, निवडणारा. समोर मेथीची जुडी घेऊनच ती बसली होती. "रोज मेथी निवडून राह्यली मी. मले कोनं क्युरेटर म्हनलं काय?"

पण मला झिंग चढली होती ती चढलीच. या वयात कोणी तुम्हाला तुमचंच काम नव्या नावानं करायला सांगावं, यापेक्षा माणसाला आणखी काय पाहिजे? डेकवरचं कापड काढलं. दुकानात दर रविवारी बँड येऊ लागले. रिसोडचा थ्रेशर नावाचा बँड आला. ते वाजवायला लागले तेव्हा भिंतीवरचे चार्जर खाली पडले आणि शेजारचा पिठाच्या गिरणीवाला बघायला आला की त्याच्यापेक्षा मोठी गिरणी कोणी टाकली. मी गाणाऱ्याला म्हटलं, बाबू, शब्द जरा कळू दे. तो म्हणाला, "मास्टर, शब्द कळले त घरचे मारतीन."

ऋषीच्या स्वतःच्या बँडचं नाव भारनियमन. त्यांचं गाणं भर रंगात येतं आणि अचानक थांबतं. चारही पोरं पुतळ्यासारखी उभी. मी उठून प्लग पाहिला, बोर्ड पाहिला, पंखा तर फिरत होता. तेवढ्यात धाडकन गाणं परत सुरू. "लाइट गेली थे दाखवून राह्यलो मास्टर," ऋषी म्हणाला. मी त्यांना घेतलं. मला एवढं दचकवणारं गाणं सोडायचं कसं?

आणि एका रविवारी प्रज्ञा आली.

प्रज्ञा अनसिंगची. वाशीमला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते, रोज स्कूटीनं जाणं-येणं. ती मला काका म्हणते, कारण तिचे वडील उत्तमदादा यांच्या गायन पार्टीत मी अर्धं आयुष्य ऑर्गन वाजवला. भीमजयंतीच्या दिवसांत आमची पार्टी गावोगाव फिरायची. दादा स्वतः कवी, स्वतः गायक, पेटी घेऊन पुढं बसणार. मागं कोरस. दादांनी ओळ टाकायची आणि कोरसनं ती उचलायची. प्रज्ञा परकर घालायची तेव्हापासून कोरसला होती. आवाज असा की मागं बसून पुढं ऐकू यायचा.

आता छाप म्हणजे काय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव घालतो. 'उत्तम म्हणे' असं आलं की मंडपातल्या शेवटच्या माणसालाही कळतं, गाणं अनसिंगच्या उत्तमदादाचं. त्याला म्हणतात छाप. दादा म्हणायचे, "बिनछापाचं गानं म्हंजे बिनपत्त्याचं पाकीट. जाईन कुठी थे?" दुसऱ्याचं गाणं गायलं तर चालतं, पण त्याची छाप कापली तर नाही. एकदा एका गावी मुकाबला होता, म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना. समोरच्यानं दादांचंच गाणं उचललं आणि छापेत आपलं नाव घातलं. दादा प्रेक्षकांत उभे राहिले आणि माइक नसताना ती ओळ खऱ्या नावानं अशी गायले की समोरचा ढोलकीवालाच त्यांच्या ठेक्यावर गेला. त्या माणसाशी दादा पुन्हा कधी बोलले नाहीत. तसे ते बोलणं टाकण्यात पटाईतच.

प्रज्ञाशीही टाकलं होतं. तिनं पगारातून इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि वडिलांना सांगितलं की मला आता माझं गाणं गायचं आहे, कोरसला बसणार नाही. दादा म्हणाले, "कोरस सोडली त पार्टी सोडली." एका घरात राहून दोघं प्रज्ञाच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या मार्फत बोलू लागले. तिले सांग, भाकर खाऊन घे. त्याईले सांग, खाल्ली. काकू बिचाऱ्या मधे टेलिफोनच्या खांबासारख्या.

तर ती आली, गिटार लावली आणि गाऊ लागली. गाणं अनसिंगच्या रेल्वे फाटकाचं. फाटक लागलं आहे, पोरगी स्कूटीवर बसून आहे, मोठी गाडी न थांबता धडधडत जाते.

फाटक लागलं, फाटक लागलं,
गाडी येऊन राह्यली, थांबून नाही राह्यली.

गिटार तिची, पण ओळ फेकायची रीत थेट बापाची. शब्द टाकून अर्धा श्वास थांबायचं, जणू मागून कोणी उचलणार आहे. पार्टीत तिथं कोरस यायचा. इथं कोणी नव्हतं, नुसती गिटार घुमत होती. गाणं संपलं. तिनं विचारलं, बरं भरलं का काका? मी डेककडे पाहिलं. रेकॉर्डचं बटणच दाबलं नव्हतं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. ती हसली आणि पुन्हा गायली.

जाताना मात्र दारात घुटमळली. "काका, एक काम कराल? बाबाले हे आयकवा. मोबाइलवर नाही आयकत थे, त्याईच्या टेपवर आयकतात. शिव्या देल्ल्या तरी चालते. पन आयकलं पाह्यजे."

मी म्हटलं, ऐकवतो. बोलून गेलो आणि मग घाबरलो. दादांचा शब्द माझ्यासाठी अजून मोठा आहे आणि पोरगी मी डोळ्यांदेखत वाढताना पाहिली. पण त्या दिवशीच ठरवलं की 'फाटक' साइड एचं शेवटचं गाणं.

दुसरी गोष्ट ठरवली ती सगळ्या बँडसाठी. कॅसेटला पडदा नसतो, त्यावर नाव सरकत नाही. गाणं कोणाचं ते गाण्यातच सांगावं लागतं. म्हणून फर्मान काढलं, प्रत्येकानं शेवटी एक कडवं वाढवून छाप टाकायची. पोट्टे आधी चक्रावले, मग असे रंगले की विचारू नका. थ्रेशरवाले ओरडले, "थ्रेशर म्हणे, भुसा उडवा." भारनियमनची छाप, "भारनियमन म्हणे, मेणबत्ती कुठी हाय?" रॉकमध्ये असं आजवर कोणी केलं नव्हतं म्हणे. मी म्हटलं, तुमच्या रॉकला उशिरा सुचलं, आमच्याकडे फार जुनं आहे. प्रज्ञाची छाप सगळ्यांत साधी होती.

लाल बावटा, हिरवा बावटा, कोन हालवते हात,
प्रज्ञा म्हणे, थांब गाडी, अनसिंग आलं, थांब गाडी.

सगळी गाणी मी आधी नव्वदच्या एका कॅसेटवर लावून घेतली. ती मूळ प्रत. मग तिच्यावरून डेकच्या डबल स्पीडवर बाकीच्या कॅसेटी भरल्या. माळ्यावर जुन्या कोऱ्या कॅसेटींची खोकी पडून होती, सगळ्या साठच्या. डबल स्पीडवर गाणी चिमण्यांसारखी चिवचिवतात, ती कोणी ऐकत बसत नाही. लावायची आणि चहा प्यायला जायचं.

प्रकाशन गुजरीत, माझ्या भावाच्या ओट्यावर झालं. पेंटरला मी तोंडी सांगितलं होतं आणि त्यानं माझ्यासारखंच ऐकलं. कापडी फलकावर लाल अक्षरांत आलं, 'वाशीमचा अंडी रॉक'. दोन माणसं डझनाचा भाव विचारून गेली. ऋषीला मी म्हटलं, आता बदलायला वेळ नाही, तर तो म्हणाला, हेच नाव ठेवू. भोंग्यावर मूळ प्रत लावली. थ्रेशर सुरू झाल्यावर एक बैल बुजला, म्हातारे बोटं कानात घालून हसत होते, पोरं मेथीच्या जुड्या हलवत नाचत होती आणि माझा भाऊ, ज्यानं मला मळ्यातून काढलं होतं, तोच तराजूची दांडी तालावर वाजवत होता. 'फाटक' लागलं तेव्हा गुजरी चूप झाली. कॅसेटी त्याच दिवशी संपल्या. त्या रात्री मी शोभासमोर नाचलो. तिनं गुडघे धरून का होईना, साथ दिली.

पण खरं काम अजून राहिलं होतं. पुढच्या रविवारी सकाळी त्यातली बाजूला ठेवलेली एक कॅसेट खिशात घालून मी अनसिंगची बस धरली.

दादा ओसरीत बसून ढोलकीच्या दोऱ्या ओढत होते.

"जयभीम, दादा."

"जयभीम मास्टर. आज कसे काय रस्ता चुकले?"

मी बसमध्ये घोकलेलं बोललो. पोरीचं नाव काढायचं नाही, एवढं ठरवलं होतं. "पोट्ट्यायनं गानी भरली दादा. मी म्हनलं परतेकानं छाप टाकली पाह्यजे. टाकली त खरी, पन बरोबर पडली का नाही थे मले कळून नाही राह्यलं. छापीचा जानकार म्हनलं त तुमीच."

दादांनी ढोलकी मांडीवर सरळ केली. "लावा."

काकूंनी टेपरेकॉर्डर आणला. त्याला त्यांनी शिवलेली फुलाफुलांची खोळ आहे. मागं स्वयंपाकघराच्या दारात प्रज्ञा दिसली, हातात पातेलं. ती तिथंच थांबली.

थ्रेशर सुरू झालं. दादांनी डोळे मिटून सहन केलं. छाप आली आणि गेली. "छाप बरोबर हाय," ते म्हणाले. "गानं चुकलं." मग भारनियमन. मधेच शांतता झाली तशी दादांनी टेपरेकॉर्डरवर एक सणसणीत थाप मारली. नेमकं त्याच वेळी गाणं सुरू झालं. "पाह्यलं? अजून माह्या हाताले येते," ते समाधानानं म्हणाले. असा आनंद कोणाचा का हिरावून घ्यावा.

एकेक करत साइड संपत आली आणि 'फाटक' लागलं.

पहिल्या शब्दाला दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आता ते उठतील, टेप बंद करतील, माझ्याशीही बोलणं टाकतील, असं वाटलं. ते उठले नाहीत. पहिलं कडवं तसंच गेलं. दुसऱ्या कडव्याला त्यांचं एक बोट ढोलकीच्या पुडीवर पडलं. मग दुसरं. जिथं प्रज्ञा ओळ टाकून अर्धा श्वास थांबते, तिथं त्यांची मान आपोआप हलायची. गिटारचा तुकडा आला, संपला. शेवटचं कडवं.

लाल बावटा, हिरवा बावटा, कोन हालवते हात...

खट्. बटण वर आलं.

दादांचा हात हवेत तसाच होता.

"मास्टर."

"काय दादा."

"छाप कुठी गेली?"

माझ्या डोक्यात सगळा हिशेब एका क्षणात लागला. मीच प्रत्येकाला कडवं वाढवायला लावलं, साइड लांबली. नव्वदच्या मूळ प्रतीवर सगळं मावलं, तेच गुजरीत वाजलं. साठच्या कॅसेटींवर शेवटी फीतच संपली. म्हणजे सगळ्यांना छाप टाकायला लावली आणि त्यापायी एकीची छाप कापली, तीही कोणाची. विकलेल्या प्रत्येक कॅसेटमध्ये.

दादांनी कॅसेट काढली, पलटवून घातली, की पलीकडून सुरू होते का. भलतंच कोणी ओरडू लागलं. त्यांनी बटण दाबून त्याला गप्प केलं आणि माझ्याकडे वळले. आवाज चढला होता.

"सगळ्या भैताड पोट्ट्यायची छाप हाय. त्या मशीनवाल्यायची हाय, त्या लाइट गेलेल्यायची हाय. माह्या पोरीचीच काहून कापली?"

मी फितीची लांबी समजावू लागलो. ते ऐकतच नव्हते. "तुमी त्या मुकाबल्याले होते ना? छाप कापनाऱ्याचं मी काय केलं थे पाह्यलं ना?"

"पाह्यलं दादा." पण खरं सांगू का, शिव्या खाता खाता मला आतून उकळ्या फुटत होत्या. माह्या पोरीची, असं म्हणाले होते ते.

सवयीनं ते काकूंकडे वळले. "तिले इचार, ओळ काय होती."

काकूंनी चहाची बशी खाली ठेवली. "तुमीच इचारा. माहं तोंड दुखून राह्यलं आता."

मग दादा दाराकडे न पाहता, ढोलकीकडे पाहत म्हणाले, "काय होती वं ओळ?"

प्रज्ञानं पातेलं हातात धरूनच ओळ गायली. प्रज्ञा म्हणे, थांब गाडी, अनसिंग आलं, थांब गाडी. दादांनी बोटांवर मात्रा धरल्या.

"'थांब गाडी' दोनदा येते."

"हो."

"दुसऱ्या खेपेलेही तूच म्हनतं?"

"मीच."

"तिथी दम तुटते. थे कोरसनं उचलाले पाह्यजे."

"माह्याजोळ कोरस नाही, बाबा."

दादांनी पुन्हा दोऱ्या ओढायला घेतल्या. मला म्हणाले, चहा थंडा झाला, प्या. मी प्यालो आणि दुपारच्या बसनं परत आलो. पाहिजे होतं ते झालं की नाही, काही कळेना. ऐकलं तर होतं. शोभाला सगळं सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "मंग आता छाप जोडून कवा देता?"

कॅसेटी परत मागवल्या, नव्यानं भरून द्यायच्या म्हणून. थोड्या आल्या. बाकीच्यांनी द्यायला साफ नकार दिला. एक जण म्हणाला, गाणं तुटते तिथी आमी सगळे मिळून वरडतो, लय मजा येते. असो. नव्या प्रतीसाठी जागा मात्र काढायला हवी होती आणि ती एकाच ठिकाणी निघत होती. ऋषीला बोलावलं. म्हटलं, तुझ्या गाण्यातली शांतता जरा कमी करू.

"मास्टर, थे शांतताच तं गानं हाय."

"उलसक कमी शांत राह्य ना बाबू." मग कशासाठी ते सांगितलं. त्यानं केस मागं सारले आणि शांतता स्वतःच कापून दिली.

'फाटक' पुन्हा भरायचं ठरलं, कारण प्रज्ञालाही ती ओळ आता एकटीनं म्हणवत नव्हती. म्हणाली, ऋषीची पोरं कोरस देतील. रविवारी सगळे जमले. मी डेक पुसला, माइक लावला. प्रज्ञा गिटार लावत होती तेवढ्यात दुकानाच्या दारात उजेड अडला. दादा होते. अंगात पार्टीचा पांढरा सदरा, कडक इस्त्रीचा, जो ते फक्त कार्यक्रमाला घालतात. पोट्टे भिंतीला सरकून उभे राहिले. प्रज्ञानं गिटारीवरचा हात काढला, मग परत ठेवला.

मी लगबगीनं माइक वर केला, त्यांच्या उंचीला. आजवर कुठल्याही माइकपुढं दादाच असायचे आणि बाकीचे मागं. "या दादा, पुढे या."

दादा आले, माइकजवळून तसेच पुढं गेले, आणि प्रज्ञाच्या मागं, चार्जर टांगलेल्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. घसा साफ केला.

"दादा, तिथून आवाज नाही येनार. पुढे या ना."

"कोरस मांगंच राह्यते, मास्टर," ते म्हणाले. "तुमी बटन दाबा."

मी दाबलं.